डावखुरा वीर

मी दातांची डॉक्टर. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका बेकरीच्या डोक्यावर माझा दवाखाना. सकाळी जिना चढणाऱ्या पेशंटच्या नाकात आधी गरम पावाचा वास शिरतो आणि मग लवंगेच्या तेलाचा. आपली फसवणूक झाली आहे असा भाव मग त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. चाळिशी जवळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण फक्त लोकांच्या उघड्या तोंडात बघत आलो. अशा वेळी कुणी योगासनं सुरू करतं, कुणी पेटी शिकतं. मी पुरातत्त्वाकडे वळले.

वळले म्हणजे शनिवार-रविवारचा एक कोर्स केला. त्याचं प्रमाणपत्र मिळालं ते फ्रेम करून दवाखान्यात लावलं. माझ्या पदवीपेक्षा ती फ्रेम मोठी निघाली. एका पेशंटने ते वाचून विचारलं, "म्हणजे तुम्ही जुने दात पण काढता?" मी त्याला सातवाहनांबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्याला ऐकावंच लागलं.

तेव्हा आमच्या बोळिंजला इमारतींचे पाये खणण्याचं पेवच फुटलं होतं. मी येता-जाता त्या खड्ड्यांच्या कडेने खापरं गोळा करायची आणि गॅलरीत मांडून ठेवायची. नवऱ्याने एकदा त्यातलं एक उचलून विचारलं, "हे कुठल्या काळातलं?"

"बराच जुना थर आहे. आत्ताच काही सांगता येणार नाही."

"मी सांगतो. ही शेजारच्यांची तुळशीची कुंडी आहे. दिवाळीत माझ्याच हातून फुटली."

नवरा विम्याच्या ऑफिसात होता. नुकसान नेमकं कशाचं झालं हे शोधणं त्याचा रोजचा धंदा.

मग एके दिवशी टीव्हीवर मी ते मडकं पाहिलं. परदेशातल्या कुठल्याशा खोदकामात सापडलेलं, फुटकं. कुणीतरी संगणकात त्याची प्रतिकृती केली होती आणि ती पडद्यावर गरगर फिरत होती. हरवलेले तुकडे हवेतून येऊन आपापल्या जागी बसत होते. खालून बघा, वरून बघा, आतून बघा, मूळ मडक्याला बोटही न लावता. मी चमचा हातात धरून बसून राहिले आणि आमटी निवून गेली. आपल्यालाही हे आलं पाहिजे असं वाटलं.

स्टेशनजवळच्या एका ॲनिमेशनच्या क्लासमध्ये मी नाव घातलं. वर्गातली सगळी मुलं बारावी झालेली. त्यांना उड्या मारणारे चेंडू आणि उडणारे राक्षस करायचे होते. मी पहिली वस्तू केली ती दाढ. शिकवणारा मुलगा माझ्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आंटी, स्टूल छान झालंय."

वसईत आमचं इतिहासाची आवड असलेल्यांचं एक मंडळ होतं. निम्मे सभासद ख्रिस्ती गावांतले, त्यामुळे सभा रविवारी मिस्सा आटोपल्यावरच भरायची. मंडळाचे मार्गदर्शक म्हणजे इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे नुसते सर म्हणायचे. केळीच्या वाडीत राहायचे, हळू बोलायचे आणि कुणाच्याही मूर्खपणावर आधी "छान" म्हणायचे. त्या "छान"नंतर जे यायचं त्याची सगळ्यांना धास्ती असे. मी तिथे मडक्याची गोष्ट सांगितली आणि उत्साहाच्या भरात जाहीर केलं, की आपल्या भागातल्या एखाद्या वस्तूची अशी प्रतिकृती मी करून दाखवीन.

"छान," सर म्हणाले. "कुठली वस्तू?"

ते मला ठाऊक नव्हतं. वस्तू मिळाली ती दवाखान्यात.

खाडीकडच्या एका गावातले एक म्हातारे बाबा कवळी करायला आले होते. भातशेती आणि मिठागरात आयुष्य गेलेलं, खालचे-वरचे सगळे दात पडलेले. त्यांच्या हिरड्यांचा साचा घेऊन मी तो बाहेर काढला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"बाय, ह्ये बरं हाय. आमच्या वीराचा पन असाच काढा."

"कोण वीर?"

"आमच्या गावचा. तल्यावर उभा हाय. यंदा त्याची खोळ पडली ना. आता दिसतो थोडा थोडा."

वीर म्हणजे वीरगळ, हे मला त्या मोठ्या फ्रेमच्या कृपेने कळलं. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. गावाने त्याचा देव केला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या दर जत्रेला त्याला तेल-शेंदूर चढवला होता. त्या शेंदराची जाड खोळच तयार झाली होती आणि ती त्या वर्षी आपोआप गळून पडली होती. चैत्रातल्या जत्रेला पुन्हा नवा शेंदूर चढणार होता. म्हणजे त्याच्या आत, एवढ्याच दिवसांत, खालचा दगड उघडा दिसणार होता.

मला घाम फुटला. टीव्हीवरच्या लोकांना असा योग येतो.

पुढच्याच रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवरून आम्ही त्या गावात गेलो. मांडीवर माझी पिशवी, पिशवीत आमचा चहाचा मोठा ट्रे आणि दातांचा साचा घ्यायच्या रबरी पुटीचे डबे. वापरायची तारीख उलटलेले हे डबे माझ्याकडे बरेच साठले होते. दाताला चालले नसते, पण दगडाला काय कळणार, असा मी विचार केला.

तळ्याच्या काठी, एका बुटक्या चौथऱ्यावर वीर उभा होता. हात-सव्वाहात उंचीचा दगड, काळपट, तेलकट आणि इतका झिजलेला की कुठे हात आणि कुठे पाय ते समजेना. भर दुपारचं ऊन, त्यामुळे सावलीही नाही. बाबांनी गावातल्या चारचौघांना बोलावून ठेवलं होतं. बायकाही जमल्या होत्या.

"देवाला काय होनार नाय ना?" एका काकूंनी विचारलं.

"काही नाही होणार. हे तर मी लहान मुलांच्याही तोंडात घालते."

"मग दात बसवता काय त्याला?" दुसरीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मग एकीने मला नारळ दिला आणि आधी तो वाढवायला सांगितला. माझा नारळ फुटेना. शेवटी नवऱ्याने फोडला.

पुटीचे दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे आणि घट्ट व्हायच्या आत लावायचे, एवढंच काम. पण दवाखान्यात पंखा असतो आणि मी एका माणसाच्या जबड्याएवढी पुटी मळते. इथे चैत्राच्या तोंडावरचं ऊन होतं आणि मला ट्रेभर पुटी हवी होती. पहिला गोळा मी मळतच राहिले आणि तो माझ्या हातातच दगड झाला. गावाने तो आदराने हातोहात फिरवून पाहिला. दुसऱ्या वेळी नवऱ्याने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि मी दोन्ही हातांनी, पिठलं उतू जातंय अशा घाईने मळलं. बाबांनी वीराच्या पायाशी साचलेली माती हाताने बाजूला केली. मी पुटी थापली, वरून ट्रे दाबला आणि दगडाला मिठी मारून बसले.

पुटी काढायची वेळ झाली तेव्हा ती निघेना. कोरीव कामाच्या खाचांत रबर अडकून बसलं होतं. मी ओढलं. नवऱ्याने ओढलं. काकूंनी हात जोडले.

"घाबरू नका," बाबा सगळ्यांना म्हणाले. त्यांच्या तोंडात तोवर दात नव्हते, पण अनुभव होता. "माझ्या तोंडातून पन असाच वडला व्हता. जीव जातो असं वाटतं, पन जात नाय."

शेवटी पचकन आवाज झाला आणि साचा हातात आला. साच्याच्या मधोमध शेंदरी रंगाचा एक लहान तुकडा चिकटला होता. सगळं गाव पुढे वाकलं. वीराचं नाक आलं असं मलाही वाटलं. तो जुन्या खोळीचा उरलेला कपचा होता. काकूंनी तो सोडवून घेतला, कपाळाला लावला आणि अंगठ्याने वीराला परत चिकटवला. मग मी भरपूर फोटो काढले. समोरून, बाजूने, वीर आणि बाबा, वीर आणि नवरा, वीर आणि मी.

आठवड्याने स्टुडिओवाल्याने माझा रोल परत दिला आणि म्हणाला, "मॅडम, हा कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता. पुढे सरकलाच नाहीये." एकही फोटो आला नाही. तेवढ्यात जत्रा होऊन गेली होती आणि वीर पुन्हा शेंदरात गेला होता. म्हणजे आता त्या कोरीव कामाचा जगातला एकमेव पुरावा माझ्याकडे होता, हिरव्या रबरात, चहाच्या ट्रेमध्ये. खरं सांगायचं तर मला रोलचं फारसं वाईट वाटलं नाही. उलट माझं महत्त्व वाढल्यासारखं वाटलं.

साच्यावरून संगणकात प्रतिकृती करायची कशी, हा पुढचा प्रश्न. लेझरची यंत्रं होती, पण ती टीव्हीवर. इंटरनेटवर मला कुणा हौशी माणसाची एक युक्ती सापडली. साचा अगदी सपाट ठेवायचा आणि त्यात थोडंसं दूध ओतायचं. दूध सगळ्यांत खोल जागी साठतं. त्याचा वरून फोटो घ्यायचा. पुन्हा थोडं दूध, पुन्हा फोटो. प्रत्येक वेळी दुधाचं तळं थोडं मोठं होतं. त्या तळ्यांच्या कडा संगणकात गिरवायच्या आणि चकत्यांसारख्या एकावर एक रचायच्या, की आकार उभा राहतो. नकाशात डोंगर दाखवतात ना रेषा रेषांनी, तसं. साच्यातला खड्डा म्हणजे दगडावरचा उंचवटा, म्हणून शेवटी खालचं वर करायचं. बास.

एका सुट्टीच्या सकाळी दवाखान्यात हा प्रयोग झाला. पेशंटच्या खुर्चीच्या दिव्याला मी वेबकॅम बांधला आणि इंजेक्शनच्या सिरिंजने दूध सोडायला लागले. खुर्चीत आडवा ठेवलेला वीर, वरून दिवा, शेजारी मी, तोंडाला मास्क. मास्क कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

नवरा दुधाच्या पिशव्या घेऊन वर आला आणि दारातच थांबला. "पिंडीवर अभिषेक पाहिला होता. साच्यावर पहिल्यांदाच पाहतोय."

"चेष्टा करू नकोस. हे शास्त्र आहे."

"मग शास्त्रावर साय धरायला लागलीय, ती बघ."

दिव्याच्या उष्णतेने खरंच साय धरली होती. मी चिमट्याने ती काढली, पण सगळी निघाली नसावी. दुपारपर्यंत दवाखान्यात मुंग्यांची रांग लागली आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक पेशंटने "डॉक्टर, आज खीर केली होती का?" असं विचारलं. फोटो मात्र मिळाले. मग कित्येक दुपारी, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, मी त्या पांढऱ्या तळ्यांच्या कडा माऊसने गिरवत बसले. मनगट दुखायला लागलं तेव्हा त्यालाही मी शास्त्राचा भाग मानलं.

एके दुपारी सगळ्या चकत्या एकावर एक बसल्या. मी खालचं वर केलं, बाजूने उजेड टाकला आणि पडद्यावर एक माणूस उभा राहिला.

डोक्यावर केसांचा बुचडा. एक पाय पुढे. एका हातात ढाल, दुसऱ्यात उगारलेली तलवार. मी बटण दाबलं आणि तो हळूहळू फिरायला लागला. त्या मडक्यासारखाच. दुधातून, पुटीतून, चहाच्या ट्रेमधून माणूस वर आला होता. माझे डोळे भरून आले. मग डोळे पुसून मी पुन्हा पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

तलवार डाव्या हातात होती.

मी स्वतः डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून आईने हाताला पंचा बांधून ठेवला होता. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की पुजारी हात मागे घ्यायचा. डेंटल कॉलेजात तर खुर्च्या, ट्रे, दिवे, सगळं उजव्यांसाठी. आमच्या एका सरांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं होतं, "तुम्ही पेशंटच्या कुठल्या बाजूला उभ्या राहणार ते आधी ठरवा, मग दात ठरवू." उजव्या हाताने काम करायला मी शिकले खरी, पण मनातून ते काही गेलं नव्हतं. आणि आता हा माणूस, किती शतकांपूर्वीचा कोण जाणे, डाव्या हातात तलवार घेऊन माझ्यासमोर फिरत होता. ज्या गावाने त्याला देव केलं त्या गावाला तो हात खटकला नव्हता.

याच्यावर मी जे उभारलं ते आता आठवलं की कान गरम होतात. वीराच्या छातीवर मला एक जाड घडी दिसली. मी लिहिलं: चिलखत. खालच्या पट्टीत दोन-तीन अक्षरांसारखं काहीतरी होतं, पण ते मला वाचता येईना. मी लिहिलं: अज्ञात लिपी. आणि निबंधाला नाव दिलं, "उत्तर कोकणातील डावखुरी योद्धापरंपरा". एक दगड, एक हात, आणि मी सबंध परंपरा उभी केली. नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "एकाच दाव्यावर एवढी मोठी रक्कम आमच्याकडे मंजूर होत नाही." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मंडळाची सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. ॲनिमेशनच्या क्लासने प्रोजेक्टर दिला होता. पडदा नव्हता, म्हणून मी घरून पांढरी चादर नेली आणि ती दोन खांबांना बांधली. मंडळी चांगली जमली होती. सर पहिल्या ओळीत होते. बाबाही आले होते, नव्या कवळीसह, आणि ती दिसावी म्हणून सारखे हसत होते.

मी ठेवणीतली साडी नेसले होते. उजेड घालवला आणि वीर फिरायला लागला. "आहा" असा आवाज उठला. तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही, कारण तेवढाच मिळाला. मी बोलायला लागले. चिलखताबद्दल बोलले. अज्ञात लिपीबद्दल बोलले. मग आवाज थोडा खाली आणला आणि डावा हात वर करून म्हणाले, "आणि आता बघा, आपल्या पूर्वजांनी ज्या हाताला कधीही कमी लेखलं नव्हतं, तो हात."

पंख्याच्या वाऱ्याने चादर फुगायला लागली होती. वीराचं पोट एकदा आत जायचं, एकदा बाहेर यायचं. मी खूण केली तसा नवरा गाठ आवळायला चादरीच्या मागे गेला. मी पुढे बोलतच होते. मध्येच चादरीमागून आवाज आला.

"अगं."

मी दुर्लक्ष केलं.

"अगं, ऐक ना. इथून 'श्री' वाचता येतंय."

मी म्हणाले, "काय?"

"खाली. तुझी ती अज्ञात लिपी. इकडून 'श्री' आहे. चांगला ठळक आहे."

सर उठले. काठी टेकत, घाई न करता, चादरीला वळसा घालून मागे गेले. त्यांच्या मागे आणखी दोघं गेले. मग बाबा गेले. मग सगळा हॉल उठून गेला आणि चादरीच्या पुढे मी एकटी उरले, डावा हात अजून अर्धा वर. पलीकडून आधी कुजबुज ऐकू आली, मग कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच. मीही शेवटी गेले. मागून पाहिलं तर वीराच्या तलवारीचा हात उजवा होता आणि पायाशी "श्री" होता, शाळेच्या फळ्यावर असतो तसा स्वच्छ.

साचा उलटा असतो. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, तसा. मी खालचं वर केलं होतं, पण डावं-उजवं तसंच राहिलं होतं. हे एखाद्या वकिलाच्या लक्षात आलं नसतं तर समजू शकलं असतं. मी दातांची डॉक्टर. साचे घेणं हा माझा व्यवसाय. दिवसभर छोट्याशा आरशात बघून मी उलट्याचं सुलट करते. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने थरांच्या अभ्यासाला गेले असते.

"छान," सर म्हणाले. मी डोळे मिटले. पण ते पुढे म्हणाले, "डॉक्टर, हा सरळ करता येतो का?"

"एका बटणाने होतो," मी म्हणाले. ऐकणाऱ्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"मग करा. आणि सगळे बसून घ्या, पाहायला तर आत्ता सुरुवात होतेय."

मी बटण दाबलं. वीराने तलवार या हातातून त्या हातात घेतली आणि माझी परंपरा संपली. सर चादरीच्या अगदी जवळ आले.

"उजेड कुठून येतोय हे तुम्ही ठरवता ना?"

"हो सर."

"याला संध्याकाळचं ऊन द्या."

मी दिवा खाली, अगदी कडेला नेला. वीराच्या लांब सावल्या पडल्या आणि दगडात जे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं ते वर आलं. त्याच्या पुढच्या पायाखाली एक माणूस आडवा पडला होता. मागे, कोपऱ्यात, एक लहानशी बाई होती, हात वर केलेली. सर "आता सकाळचं द्या" म्हणाले, मग "थोडं वरून द्या" म्हणाले, आणि ऊन मागवता मागवता ते मला विसरून गेले. कितीतरी वेळ हॉलमध्ये नुसते दिवस उगवत आणि मावळत होते. 'श्री'च्या पुढची दोन अक्षरं मात्र काही लागली नाहीत.

"ही अज्ञात नाहीत, डॉक्टर," सर म्हणाले. "झिजलेली आहेत. फरक असतो."

"आणि चिलखत, सर?"

ते माझ्याकडे वळले. नवऱ्याने मध्येच सांगून टाकलं, "ती साय आहे."

त्या दिवशी घरी येताना मी स्कूटरवर मागे बसून एक शब्दही बोलले नाही. नवऱ्याने वाटेत वडापाव घेऊन दिला तो मात्र खाल्ला. घरी आल्यावर तो म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं की तो डावखुरा असावा. तुझ्यासाठी." मग मी रडले, आणि रडता रडताच हसायला लागले, कारण माझी ती "आपल्या पूर्वजांनी"वाली मुद्रा त्याने करून दाखवली.

बाबांनी मात्र विषय सोडला नाही. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात येऊन म्हणाले, "बाय, तुमी तिकडं वसईला दाखवला. आमचा वीर, आमाला पन दाखवा."

मग आम्ही गेलो. संगणकाचा डबा, जाडजूड मॉनिटर, प्रोजेक्टर, चादर, सगळं टेम्पोत भरून. तळ्याकाठी चादर बांधली. दिवस मावळला आणि गाव जमलं. काकू तर सगळ्यांत पुढे बसल्या. मी आधी दोनदा खात्री करून घेतली की तलवार कुठल्या हातात आहे, आणि मग वीर दाखवला.

लोक बघत होते, एकमेकांकडे बघत होते.

"ह्यो कोन?" काकूंनी विचारलं.

"तुमचाच वीर, काकू. शेंदराच्या आत असा आहे. बघा ना, तलवार, ढाल, इथे ही बाई."

"असंल," काकू म्हणाल्या, नात्यातल्या कुणी लांबच्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तशा. "पन आमचा नाय वाटत. शेंदूर कुठंय?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. मूळ कोरीव काम, झीज, नंतरचे थर. नवरा कानाशी म्हणाला, "रंग देता येतो ना त्याला?"

येत होता. पुरातत्त्वाचे सगळे नियम माझ्या डोळ्यांसमोर, त्या मोठ्या फ्रेममध्ये लटकत होते. मी रंगांची पेटी उघडली, पिवळा आणि लाल यांच्या मधला एक रंग शोधला आणि वीरावर ओतला.

गावाने एकदम हात जोडले. कुणीतरी "हां!" म्हणालं. काकू उठल्या, चादरीजवळ गेल्या आणि पदर डोक्यावर घेऊन वाकल्या. वीर शेंदरी होऊन संथ फिरत होता. त्याच्या पाठीमागचा दगडही शेंदरी झाला होता, तरी कुणाला खटकला नाही. बाबांनी शेजारच्या माणसाला त्या पायाखालच्या आडव्या माणसाबद्दल सांगायला सुरुवात केली, तो कोण, कुठून आला होता, आणि का मारला गेला. यातलं काहीही कुणालाच माहीत नव्हतं, तरी ते माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने सांगत होते.

आणि तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे ती रोज जायची. मी तिची वेळ विसरले होते. वीर गेला, चादर गेली, तळं गेलं. मला वाटलं, आता सगळे उठतील. कुणी उठलं नाही. अंधारात कुणीतरी विडी पेटवली. बायका हळू आवाजात बोलत राहिल्या. एकीने आम्हा दोघांच्या हातात उकडलेल्या शेंगा आणून दिल्या. आम्ही त्या सोलत बसलो.

बऱ्याच वेळाने दिवे आले. मी धावत जाऊन मशीन सुरू केलं. पण ते मध्येच बंद पडलं होतं, म्हणून आता स्वतःचीच तपासणी करत बसलं. चादरीवर निळा रंग पसरला आणि त्यावर पांढरे आकडे मुंगीच्या पावलांनी वाढायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वळून "जरा थांबा हं" म्हणणार होते. पाहिलं तर सगळं गाव त्या निळ्या चादरीकडे बघत, हात जोडून, शांत बसलं होतं. मीही बसले, काकूंच्या शेजारी, ओल्या मातीत, साडीची पर्वा न करता. आकडे संपले, तशी मी उठून वीर पुन्हा उघडला आणि त्याच्यावर शेंदूर ओतला. थोडा वेळ नुसता काळोख झाला. मग मध्यावर काहीतरी शेंदरी उमटलं.

"आला," काकू म्हणाल्या.